बरोबरी सुटायची कशी?

आयपीएल आणि वणव्याचा हंगाम चंद्रपूर-गडचिरोलीत एकदमच येतात. वनविभागाच्या लेखी १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा काळ, आणि त्यातच मे महिन्यात तेंदूपत्त्याचं संकलन. जाळरेषांवर आणि तेंदूच्या फळ्यांवर दिवस काढलेला वनरक्षक रात्री नेटवर्क सापडेल त्या टेकाडावर उभा राहून स्कोअर बघतो. मुंबई जिंकली की चेन्नई, एवढ्यावर त्याचं भागत नाही. आपल्या संघातल्या कुणी किती धावा काढल्या, कुणी झेल घेतला, हे त्याला हवं असतं. कारण मार्चमध्ये झालेल्या लिलावात त्यानं ते खेळाडू कागदावर विकत घेतलेले असतात.

अशीच एक फॅन्टसी लीग वडसा, आरमोरी, मूल, सिंदेवाही आणि थेट एटापल्लीपर्यंत विखुरलेली आहे. संघ आठ. मालकांमध्ये शिक्षक, वनरक्षक, एक तलाठी आणि एक औषधदुकानदार. प्रत्येकाला लिलावात खोट्या पैशांची सारखीच थैली मिळते, त्यातून पंधरा खेळाडू घ्यायचे आणि दर आठवड्याला अकरा उतरवायचे. आठवडाभरातल्या खऱ्या सामन्यांत त्या अकरा जणांनी मिळवलेले गुण मोजायचे आणि एका मालकाची दुसऱ्याशी लढत लावायची. शेवटी तक्त्यातले पहिले चार उपांत्य फेरीत. बक्षीस म्हणजे एक फिरती ढाल. पैसा नाही, आणि आता तो लावताही येत नाही: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. ढालीसाठी खेळणाऱ्यांचं त्यामुळे काहीच अडलं नाही.

अडलं ते उपांत्य फेरीत. दोन संघांचे गुण सारखे झाले, तेही अर्ध्या गुणापर्यंत. कर्णधाराचे गुण दुप्पट आणि उपकर्णधाराचे दीडपट धरायची पद्धत असल्यामुळे या खेळात अर्धे गुण येतात, आणि म्हणूनच बरोबरी सहसा होत नाही. झाली. नियमावली काढली, तर त्यात एकच ओळ: ‘बरोबरी झाल्यास सर्वानुमते ठरवावे.’

रात्री साडेअकराला ग्रुपवर चार तोडगे आले. राखीव खेळाडूंचे गुण मोजा, असं एकाचं म्हणणं. तक्त्यात वर होता तो पुढे जावा, असं दुसऱ्याचं. तिसरा म्हणाला, साखळीतल्या आपसातल्या लढतीत जिंकला तो. चौथ्याला कर्णधाराचे गुण मोजायचे होते. हिशेब करून पाहिला तर पहिल्या आणि तिसऱ्या तोडग्यानं मूलचा संघ जात होता, दुसऱ्या आणि चौथ्यानं एटापल्लीचा. कोणता तोडगा कुणी सुचवला हे सांगायची गरज नव्हती. सकाळी प्रकरण दोघांकडे सोपवलं गेलं. एक, शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. या लीगमध्ये त्यांचा संघ नाही, पण धानाची कापणी आटोपली की गावोगावच्या कबड्डी स्पर्धांत ते आजही पंच म्हणून उभे असतात. दुसरी, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी: शाळेच्या खो-खो संघातली, आता वनरक्षक, आणि यंदा तक्त्यात पाचवी आल्यामुळे बाद. सर तिला ‘तू’ म्हणतात, ती त्यांना ‘तुम्ही’. त्या दिवशी सरांच्या अंगणात दोघांचं जे बोलणं झालं, त्यात वयाचा मान राखला गेला; मतात मात्र कुणी माघार घेतली नाही.

“सर, मला तर यात वाद दिसतच नाही,” तिनं सुरुवात केली. “तक्ता बघा. एटापल्लीवाला दुसरा आला, मूलवाला तिसरा. दोन महिने ज्यानं जास्त लढती जिंकल्या त्याला पुढे जाऊ द्या. खुद्द आयपीएलमध्ये हेच आहे. बाद फेरीचा सामना पावसानं धुतला आणि सुपर ओव्हरही झाली नाही, तर साखळीत वर असलेला संघ पुढे जातो.”

“जातो. पण पावसानं धुतला तर. म्हणजे खेळताच आलं नाही तर,” सर म्हणाले. “इथं खेळ झालाय. दोघांनी सारखा खेळ केलाय. दुसरा येण्याचं फळ त्याला आधीच मिळालं की! तिसऱ्याशी गाठ पडली, पहिल्याशी नाही. त्याच पुण्याईवर किती वेळा जेवायचं? कबड्डीत असं चालत नाही. बाद फेरीत बरोबरी झाली की पाच-पाच चढाया. तेव्हा कुणी विचारत नाही, की बाबा तुझा संघ गटात पहिला होता का?”

पाच-पाच चढायांचा हा डाव ज्यांनी जवळून पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण सरांचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सामना बरोबरीत सुटला की प्रत्येक संघ आपले पाच चढाईपटू क्रमानं पंचाकडे लिहून देतो. एकदा दिलेला क्रम बदलता येत नाही. चढाया आलटून पालटून होतात, कुणी बाद होऊन बाहेर बसत नाही, फक्त गुण मोजले जातात. निदान रेषा याच वेळी बोनस रेषाही ठरते, त्यामुळे पाय टाकला तरी गुण मिळू शकतो. तेवढ्यानंही सुटलं नाही तर नाणेफेक आणि एक सुवर्ण चढाई. प्रो कबड्डीनं बाराव्या हंगामात, २०२५ मध्ये, साखळी सामन्यांनाही ही पद्धत लावली. सरांना त्यातली एक गोष्ट सगळ्यात जास्त पटते: यादी देताना दोघांनाही निकाल माहीत नसतो.

“मग खो-खोचं काय सर?” ती म्हणाली. “तुम्हीच शिकवलं आम्हाला. जादा डावातही बरोबरी राहिली की लघुत्तम आक्रमण. पहिला गडी कुणी कमी वेळात मारला ते बघायचं. तेही खेळूनच. मी खेळण्याच्या विरुद्ध नाही. पण मैदानावर माणसं परत उतरवता येतात. आमचा आठवडा संपला. सामने होऊन गेले. विराटला काय सांगू, सर, की परत एक ओव्हर खेळ, आमच्या लीगमध्ये बरोबरी झाली म्हणून?”

तिचा हा प्रश्न फॅन्टसी खेळाच्या मुळाशी जातो. १८ ऑक्टोबर २०२० ला दुबईत मुंबई आणि पंजाब दोघांच्या १७६ धावा झाल्या, सुपर ओव्हरमध्येही पाच-पाच. मग दुसरी सुपर ओव्हर झाली आणि पंजाब जिंकलं. १७ जानेवारी २०२४ ला बंगळुरूत भारत आणि अफगाणिस्तान २१२ वर थांबले, पहिल्या सुपर ओव्हरमध्ये १६-१६, दुसरीत भारत. या दोन्ही वेळी ‘आणखी खेळा’ म्हणताना ते कुणाच्या पथ्यावर पडणार हे सांगता येत नव्हतं. फॅन्टसी लीगमध्ये रविवारची रात्र संपली की सगळे आकडे उघडे पडलेले असतात. राखीव खेळाडूंचे गुण, कर्णधाराचे गुण, चौकार, बळी, सगळं. त्यानंतर जो कुणी मोजमाप सुचवतो, तो खरं तर विजेत्याचं नाव सुचवत असतो; नियमाचा शब्द फक्त वरून असतो. ग्रुपवरच्या चार तोडग्यांचं तेच झालं होतं. ते सुचवणाऱ्यांच्या मनात खोट होती असं मानायचं कारण नाही. आकडे डोळ्यांपुढे असताना निष्पक्ष राहायचं म्हटलं तरी राहता येत नाही.

सरांनी हे तिच्याच विरुद्ध वळवलं. “मग तुझा तक्ताही तसाच झाला ना? तू आज म्हणतेस दुसरा जावा. आज म्हणतेस म्हणजे तू एटापल्लीला निवडलंस.”

“तक्ता उपांत्य फेरीआधीच ठरला होता, सर. तो काही कुणी रविवारी रात्री तयार केला नाही.”

“तक्ता ठरला होता. तक्ता निर्णायक राहील हे ठरलं होतं का? लिहिलं होतं कुठं?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं २०२४ च्या आयपीएलचं उदाहरण काढलं, आणि ते चांगलं होतं. त्या वर्षी १८ मे ला बंगळुरू आणि चेन्नई यांचा शेवटचा साखळी सामना झाला. निव्वळ धावगतीमुळे प्रश्न असा होता, की बंगळुरूला नुसतं जिंकून भागणार नव्हतं, १८ धावांनी जिंकायला हवं होतं. बंगळुरूनं २१८ केल्या. म्हणजे चेन्नई हरली तरी २०१ पर्यंत पोचली असती तर तीच पुढे गेली असती. शेवटच्या षटकात धोनी त्या २०१ साठी खेळत होता. चेन्नई १९१ वर अडली. दोघांचे गुण १४, दिल्ली आणि लखनौचेही १४, आणि चौथी जागा बंगळुरूची. “मैदानावरच्या प्रत्येकाला तो आकडा पाठ होता,” ती म्हणाली. “म्हणून सामना संपल्यावर भांडण झालं नाही. नियम आधी माहीत असला की माणूस त्याच्यासाठी खेळतो.”

“बरोबर बोललीस. आणि तेच मूलवाल्याला लाव,” सर म्हणाले. “राखीव खेळाडूंचे गुण मोजतील हे आधी माहीत असतं, तर लिलावात एटापल्लीवाल्यानं चार पैसे मागे ठेवून राखीव चांगले घेतले नसते का? त्यानं सगळी थैली पहिल्या अकरांवर ओतली, कारण राखीवला किंमत नव्हती. आता किंमत लावायची म्हणजे त्याला झालेल्या परीक्षेचा अभ्यासक्रम नंतर सांगणं झालं. तक्त्याचंही तसंच. मूलवाल्याला माहीत असतं, तर शेवटच्या आठवड्यात त्यानं आपले दोन खेळाडू विश्रांतीला बसवले नसते. त्याची जागा पक्की झाली होती, म्हणून बसवले.”

इथं ती अडली. मूलच्या संघानं शेवटची साखळी लढत हलक्यानं घेतली होती, हे तिलाही माहीत होतं.

मात्र सरांच्या बाजूतही एक फट आहे, आणि ती तिनं बरोबर पकडली. नियम आधी लिहिला म्हणजे तो न्याय्य झाला, असं नाही. १४ जुलै २०१९ ला लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्या २४१-२४१ धावा झाल्या. सुपर ओव्हरमध्ये १५-१५. मग चौकार-षटकार मोजले, इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७, आणि विश्वचषक इंग्लंडला गेला. नियम स्पर्धेआधी छापलेला होता, दोन्ही संघांना मान्य होता. तरी जगभरच्या प्रेक्षकांना तो बोचला, कारण धाव ही धाव असते. ती पळून काढली की सीमापार मारून, हा फरक निकाल लावताना क्रिकेट एरवी कधी करत नाही. तीन महिन्यांत आयसीसीनं तो काढून टाकला आणि उपांत्य-अंतिम सामन्यांत निकाल लागेपर्यंत सुपर ओव्हर खेळवायचं ठरवलं. झालेला निकाल मात्र बदलला नाही. नियम पुढच्यासाठी बदलला.

फुटबॉलचं उदाहरण त्याहून टोचणारं. २०१८ च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण सारखे, गोल सारखे, आपसातला सामना २-२. शेवटी पिवळी कार्डं मोजली: जपानची चार, सेनेगलची सहा. जपान पुढे. पण त्या दिवशी पोलंडविरुद्ध ०-१ नं मागे असतानाही जपाननं शेवटची दहाएक मिनिटं चेंडू आपसातच फिरवला, कारण दुसऱ्या मैदानावर सेनेगल हरत असल्याची खबर होती आणि कार्डांचा हिशेब त्यांच्या बाजूनं होता. नियम माहीत असल्यामुळे खेळ बदलतो, हे खरंच. तो चांगल्यासाठीच बदलतो असं नाही.

“म्हणून मी म्हणते, मोजायचं ते खेळाच्या गाभ्यातलं असावं,” ती म्हणाली. “कोण जास्त लढती जिंकला, हा गाभा आहे. राखीवमध्ये कोण बसलं होतं, हा नाही. इंग्लंडच्या फॅन्टसी प्रीमियर लीगमध्ये कप सामन्यात बरोबरी झाली तर आधी संघाचे गोल मोजतात, मग कमी खाल्लेले गोल, आणि तरीही नाही सुटलं तर संगणक नाणं उडवतो. लाखो लोक खेळतात ते. कुणी कोर्टात जात नाही.”

“नाणं तर इथंही उडवता येईल. मुंबईत नगरसेवक ठरला की चिठ्ठीवर.”

२०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये भाजपचे अतुल शाह आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली. चिठ्ठी काढली, शाह निवडून आले. ग्रामपंचायतीत तर दर निवडणुकीत कुठे ना कुठे ईश्वरचिठ्ठी निघतेच, आणि गाव ती मानतं. लोकसभा-विधानसभेसाठी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातही चिठ्ठीच सांगितली आहे: ज्याच्या नावाची निघेल त्या उमेदवाराला एक मत जास्त मिळालं असं समजायचं. चिठ्ठीचा मान यासाठी, की ती उघडेपर्यंत कुणालाच तिच्यातलं नाव माहीत नसतं.

तिला चिठ्ठी नको होती. “दोन महिने रात्री-बेरात्री टेकडीवर चढून संघ पाठवला एटापल्लीवाल्यानं. एकदा नेटवर्क नव्हतं, मेसेजवर घड्याळाचं चिन्ह तसंच राहिलं आणि तिकडे नाणेफेक होऊन गेली. त्याचा जुनाच संघ धरला आपण, आणि त्यानं मुकाट्यानं मानलं. अशा माणसाला चिठ्ठीवर घालवायचं?”

“घालवायचं नाही, म्हणूनच सांगतो ते ऐक. आज सोमवार. रात्री सामना आहे. दोघांनी त्या सामन्यातले पाच-पाच खेळाडू क्रमानं लिहून माझ्याकडे द्यायचे. नाणेफेकीच्या अर्धा तास आधी. मूलवाला कागद पाठवेल, एटापल्लीवाला फोनवर सांगेल, मी त्याच्यासमोर लिहून परत वाचून दाखवीन. दोघांपैकी कुणालाही दुसऱ्याची यादी दिसणार नाही. ज्याच्या पाचांचे गुण जास्त, तो अंतिम फेरीत. पाचांचेही सारखे आले, तर यादीतला पहिला खेळाडू बघायचा, मग दुसरा. कर्णधार नाही, दुप्पट नाही, काही नाही.”

“पण तो लिलावातला संघ राहात नाही ना, सर. ज्यांच्यावर दोन महिने जीव लावला ते सोडून भलतेच पाच.”

“नाही राहात. सुपर ओव्हरमध्ये तरी अकरा कुठं खेळतात?”

तिनं आणखी एक अडचण काढली, आणि ही खरी जाणकाराची होती. तिसरा संघ अंतिम फेरीत पोचून बसलेला आहे, अंतिम आठवडाही सोमवारीच सुरू होतो, त्याचं काय? दोघांनी मिळून ते सोडवलं. बरोबरीतल्या दोघांनीही आपला नेहमीचा अकराचा संघ सोमवारपासून उतरवायचा. जो जिंकेल त्याचेच गुण धरायचे. कुणाचा दिवस वाया जात नाही, कुणाला थांबावं लागत नाही. दोघांनाही अंतिम फेरीत घेऊन तिघांची लढत लावावी, अशीही एक सूचना होती. ती तिनंच खोडली: पहिल्या उपांत्य फेरीत चोख जिंकून आलेल्याची ढालीची शक्यता दोघांत एकावरून तिघांत एकावर येते, त्याचा यात काय गुन्हा? पैशांच्या काळात ड्रीम इलेव्हन बरोबरीतल्या क्रमांकांची बक्षिसं एकत्र करून सारखी वाटायचं. पैसा वाटता येतो. अंतिम फेरीतली जागा वाटता येत नाही.

यंदापुरतं सरांचं मानलं गेलं, आणि ते मानणं योग्य होतं. तिचा तक्ता तत्त्व म्हणून अधिक भक्कम आहे. बाद फेरीत सगळं एका आठवड्यावर सोडण्यापेक्षा पूर्ण हंगामाला वजन देणं कुणालाही पटेल. पण तो आधी लिहिलेला नव्हता. आकडे उघडल्यावर पंचाच्या हातात एवढंच उरतं, की ज्याचं उत्तर अजून कुणालाच माहीत नाही असं काही शोधायचं. सोमवारचा सामना तसा होता. चिठ्ठीही तशीच होती. फरक इतकाच, की सामन्यात दोघांची थोडी तरी अक्कल लागणार होती.

पुढच्या वर्षीच्या नियमावर मात्र दोघांचं जमलं नाही. तिनं वहीत लिहिलं: गुणांची फेरतपासणी, त्यासाठी मंगळवारी दुपारी बारापर्यंतची मुदत, कारण धावबाद कुणाच्या नावावर किंवा लेगबायची धाव फलंदाजाला, असे बदल नंतर होत राहतात, मग तक्त्यातलं स्थान, मग आपसातली लढत, मग चिठ्ठी. सरांनी तपासणीची ओळ ठेवली, बाकी खोडून ‘पाच खेळाडूंची बंद यादी’ लिहिलं. तिनं विचारलं, बरोबरी अंतिम सामन्यातच झाली तर? लीगचा अंतिम आठवडा आयपीएलच्या साखळीच्या शेवटच्या आठवड्यात ठेवलाय, तो मुद्दाम. बाद फेरीत दहापैकी सहा संघ घरी गेलेले असतात आणि निम्म्या मालकांकडे उतरवायला माणसंच उरत नाहीत. सर म्हणाले, म्हणूनच तर सोपं आहे. त्यानंतर आयपीएलचे चार सामने शिल्लक असतात, पहिल्याच सामन्यातून पाच-पाच नावं घ्या. यावर तिच्याकडे लगेच उत्तर नव्हतं, पण तिनं आपली ओळही खोडली नाही.

शेवटी दोन्ही मसुदे आठही मालकांपुढे मतदानाला ठेवायचं ठरलं. मतदान लिलावाच्या आधी, कारण एकदा खेळाडू घेतले की कुणाचे राखीव तगडे, कुणाचा कर्णधार भारी हे कळतं आणि मत त्या बाजूला झुकतं. आठ मतं आहेत, म्हणजे चार-चार पडू शकतात, हे तिच्या लक्षात आलं. तेव्हा सरांना मत नसावं की नववं मत त्यांचंच असावं, यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.